व्याह्यांनी दाखवलेला समुद्र

माझ्या मुलीचं लग्न ज्या बैठकीत ठरलं, त्या बैठकीचा राग मला अजून आहे. लग्नाचा नाही, जावई चांगला आहे. राग बैठकीचा.

आमच्या कोल्हापूरकडे लग्नाची बैठक म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात. मानपान निघतो. कार्यालय कुणी घ्यायचं, जेवण कुणाचं, आहेर कुणाकुणाला, यावर आवाज चढतो. मग कुणीतरी उठतो आणि चपला घालून चालायला लागतो. दुसरा कुणीतरी त्याला दारातून हाताला धरून परत आणतो. शेवटी सगळ्यांच्या हातावर साखर पडते. यातलं चपला घालून उठणं हे फार महत्त्वाचं. ते वेळेवर जमलं की निम्मी बैठक आपल्या बाजूनं होते. मी त्या दिवशी माझ्या चपला दाराच्या अगदी जवळ काढून ठेवल्या होत्या.

व्याही कोकणातून आले होते. सोबत चार माणसं आणि नारळाचं एक पोतं. बसले, चहा प्याले. मी पहिली बोली टाकली, आणि ती कुणीही शहाणा माणूस मान्य करणार नाही अशी टाकली. लग्न कोल्हापुरात, आमच्या पद्धतीनं, मुहूर्त आमचा, आणि पंगतीत माशाचं नाव नाही.

व्याही म्हणाले, "तुमी म्हणशात तसा."

"तसं म्हंजे कसं?"

"म्हणजे तुमी म्हणशात तसाच."

झालं. साखर वाटली गेली. माझ्या चपला जागच्या हलल्या नाहीत.

माझा धंदा म्हशींचा. मंगळवार पेठेत घर, कळंब्याच्या पलीकडे गोठा. सुरुवातीला दुसऱ्याच्या म्हशी दूध कट्ट्यावर नेऊन बांधायचो आणि लोकांना समोर धार काढून द्यायचो. तिथून बाजार फिरत फिरत स्वतःच्या जनावरापर्यंत आलो. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कुणाला दिलेलं नाही. या धंद्यात एक गोष्ट कळते. गिऱ्हाईक पहिल्याच बोलीला हो म्हणालं तर त्या रात्री झोप येत नाही. एक तर आपण कमी मागितलेलं असतं, नाहीतर त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. व्याह्यांना काय माहीत होतं, हे मला वर्षभर समजलं नाही.

मग मुलीला दिवस गेले. आता पहिलं बाळंतपण माहेरी, यात बोलण्यासारखं काही नसतं. माझ्या बायकोनं पाचव्या महिन्यापासूनच तयारी धरली. आतल्या खोलीला रंग दिला. डिंक, अळीव, खारीक आणून डबे भरले. बाळंतिणीची बाज विणून घेतली. लेक घरी येणार, आपल्या हातानं तिला न्हाऊमाखू घालायचं, हे एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. मला तिच्याशी वाद घालायची सवय आहे, पण या एका बाबतीत मीही गप्प होतो. नुकतीच व्यालेली एक म्हैस मी लेकीसाठी बाजूला बांधली. गिऱ्हाईक दारात उभं असताना जनावर विकायला नाही म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ.

डोहाळजेवण सासरी, आणि ते झालं की लेकीला घेऊन यायचं, असं ठरवून आम्ही दोघं निघालो. कळंबा मागे पडला. बिद्रीजवळ उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे लागून मी अख्ख्या साखर धंद्याचा उद्धार केला. बायको मांडीवर लाडवाचा डबा घेऊन बसली होती. फोंडा घाट उतरलो तशी हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटली.

व्याह्यांच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर अजून गाड्या जातील, आणि व्याही त्यांनाही चहा पाजतील. एवढंच सांगतो की एसटी तिथं वळून परत फिरते, कारण पुढं समुद्र आहे. माडांची थोडी वाडी, जुनं कौलारू घर, आणि त्याला लागून पर्यटकांसाठी काढलेल्या चार खोल्या. त्या खोल्या माझी मुलगी आणि जावई चालवतात.

डोहाळजेवण झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीचं पाणी बघितलं आणि म्हणालो, "पाव्हणं, आता निघतो. लेकीला घेऊन जातो."

व्याही पायरीवर बसून सुपारी कातरत होते. "जावा मां. चेडू तुमचाच आसा," ते म्हणाले. चेडू म्हणजे पोर. "पण एवढे लांब इलात, आमचो समुद्र तरी बघून जावा."

"समुद्र दिसतोय की हितनं."

"हो समुद्र न्हय. पॉइंट बघूक होये."

माझी बायको म्हणाली, "अवो, आल्यासारखं बघू की. एका दिवसानं काय हुतंय?"

त्या एका दिवसाचा आठवडा झाला.

कोकणात आता गावं कमी आणि पॉइंट जास्त झाले आहेत. पहिल्या दिवशी सूर्यास्ताचा पॉइंट. एका टेकाडावर सिमेंटचा बाक, लोखंडी पट्टीचं एक मोठं बदाम, आणि त्या बदामात उभं राहायला लागलेली रांग. समोर सूर्य बुडत होता आणि लोक त्याच्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढत होते. पूर्ण बुडाला तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या कुणाला, ते मला समजलं नाही. कळंब्याच्या तळ्यातही सूर्य रोज बुडतो. त्याला आजवर कुणी शाबासकी दिल्याचं ऐकिवात नाही.

दुसऱ्या दिवशी डॉल्फिन. होडीवाला पोरगेला होता, पण बोलणं मुरलेलं. "काल धा होते," तो म्हणाला, "होडयेच्या बाजूक खेळत होते."

हा 'काल' मला चांगला ओळखीचा आहे. म्हशीच्या बाजारात प्रत्येक म्हशीनं काल भरपूर दूध दिलेलं असतं. मी त्याला म्हणालो, "कालचं ऱ्हाऊ दे. माझ्यासमोर काढून दाखव."

त्याला ते कळलं नाही. तासभर आम्ही पाण्यावर हेलकावे खात होतो. मला मळमळायला लागलं होतं, पण ते सांगितलं असतं तर होडीवाल्याचा भाव वाढला असता. मग अचानक सगळी होडी ओरडली. लांब काहीतरी काळं वर आलं आणि गेलं. ते शेपूट होतं, लाट होती की कुणाची बुडालेली चप्पल, मी सांगू शकत नाही. माझी बायको मात्र उभी राहून बोट दाखवत होती. "केवढा वो! बगितलासा?"

घरी आल्यावर तिला विचारलं, "खरंच दिसला?"

"न्हाय," ती म्हणाली. "पण एवढी सगळी वरडत हुती. आपण कशाला न्हाय म्हणायचं?"

तिसऱ्या दिवशी सड्यावरची, म्हणजे वरच्या खडकाळ माळावरची, कोरलेली चित्रं. कुणा जुन्या माणसांनी जांभ्या दगडात जनावरं कोरून ठेवली आहेत. उन्हात काही दिसत नाही. वाट दाखवणाऱ्यानं बाटलीतलं पाणी रेषांवर ओतलं आणि एक भलंमोठं जनावर जमिनीतून वर आलं. ते बघून माझं मन पहिल्यांदा लागलं. तो म्हणाला, काही लोक याला गेंडा म्हणतात, काही रानडुक्कर. मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. पुठ्ठा बघितला, मागच्या पायांतलं अंतर बघितलं, पाठीची रेघ बघितली.

"म्हैस हाय," मी म्हणालो. "आणि भाकड हाय."

पंधरा पावलं पुढं गेलो नसू, मागून येणाऱ्या पुण्याच्या मंडळींना तो सांगत होता, "तज्ज्ञांच्या मते ही म्हैस आहे." मला परत जाऊन भांडायचं होतं. तज्ज्ञ म्हटल्याबद्दल नाही, भाकडचा उल्लेख गाळल्याबद्दल. बायकोनं हात धरला.

मग पांडवांची गुहा. मग खाडीतला मगर पॉइंट, तिथं एक ओंडका आहे. मग दीपगृह. ते ठरलेल्या वेळेला उघडतं म्हणे, आणि आम्ही गेलो ती वेळ ठरलेली नव्हती. रोज संध्याकाळी मी म्हणायचो, "उद्या निघतो." रोज व्याही म्हणायचे, "जावा मां. पण फाल्या ता तेवढा बघून घेवा." फाल्या म्हणजे उद्या. आणि मुलगीही खोल्यांच्या चादरी बदलता बदलता म्हणायची, "जाऊन या बाबा. आईला आवडंल."

आईला आवडत होतं, हा दुसरा घोळ. ही बाई आयुष्यात कोल्हापूर सोडून कुठं राहिली नव्हती. पहाटे धारा, संध्याकाळी धारा, मध्ये वैरण, असं तिचं आयुष्य गेलं. इथं ती रोज विहीणबाईंबरोबर पायात लाटा घेऊन उभी राहायची आणि दोघी हसायच्या. कशाला, ते मला कुणी सांगितलं नाही.

माझं डोकं वेगळ्याच दिशेनं चाललं होतं. बाजारात ज्याला म्हशीचा लंगडा पाय लपवायचा असतो, तो तुम्हाला आधी शिंगं दाखवतो. शिंगं संपली की कान. व्याही मला रोज नवीन शिंग दाखवत होते. म्हणजे पाय कुठंतरी होता. मी ताडलं, या माणसाला मुलगी पाठवायची नाही. बैठकीत जे राखून ठेवलं होतं ते आता बाहेर पडतंय. मला बरं वाटलं. शेवटी माणूस सौद्याला बसला तर.

एका सकाळी त्यांनी आम्हाला रापणीला नेलं. रापण म्हणजे गावानं मिळून ओढायचं मोठं जाळं. होडी अर्धं वर्तुळ घेऊन जाळं टाकते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. व्याह्यांनी कमरेला पंचा बांधला आणि दोराला हात घातला. मला उभं राहवेना. मीही धरला. रेड्याला दावणीला आणताना ताकद लावतात तशी लावली. समुद्रानं आम्हाला फार भाव दिला नाही. खूप वेळानं जाळं वाळूवर आलं. आत बांगडे, थोडी कोळंबी, चार-दोन सरंगे आणि बराचसा कचरा.

मग वाटे पडले. ज्यांची रापण त्यांचे, होडीचा, जाळ्याचा. आणि एक छोटा वाटा माझ्यापुढं आला.

"ह्यो कुणाचा?"

"तुमचो," वाटणारा म्हणाला. "दोराक हात लावलात मां."

"लावला म्हणून? मी मागितला न्हाय."

"मागूचा नसताच."

समोर दोन शाळकरी मुली होत्या. त्यांनी दोराच्या अगदी शेवटाला नुसता हात टेकवला होता. त्यांनाही मूठभर मासे. मी व्याह्यांना म्हणालो की हा धंदा बुडणार. ते म्हणाले, "आज्याच्या टायमापासून बुडतासा."

माणसं पांगली. आम्ही दोघं एका पालथ्या होडीवर बसलो. माझे तळहात दोरानं सोलून निघाले होते. पलीकडं दोघी बायका माशांवरचे कावळे हाकत होत्या. मला वाटलं, हीच वेळ. पण मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. बायको मध्ये पडली असती.

आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं जण हातात हात घेतात, वरून टॉवेल टाकतात आणि बोटांनी बोलतात. एक बोट धरलं की एक, तीन धरली की तीन, सगळा पंजा दाबला की पाच. आजूबाजूच्या शंभर माणसांना पत्ता लागत नाही आणि सौदा होतो. माझा सगळा संसार त्या टॉवेलाखाली उभा राहिला आहे.

मी म्हणालो, "पाव्हणं, लेकीच्या बाळंतपणाचं आता मिटवून टाकू." आणि त्यांचा हात हातात घेतला, खांद्यावरचा टॉवेल वर टाकला. मग त्यांची तीन बोटं धरली. तीन महिने माहेरी. सगळ्यांना सोसेल असा भाव.

व्याही दचकले. माझ्याकडं बघितलं. मग समुद्राकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. आणि त्यांनी दुसरा हातही टॉवेलाखाली घालून माझा अख्खा पंजा दाबला. घट्ट.

पाच.

मी तीन मागितले आणि या माणसानं पाच दिले. आधी माझं डोकंच फिरलं. परत तेच! बोलीच्या वर जाऊन द्यायचं, म्हणजे समोरच्याची काय किंमत राहिली? पण सौदा तो सौदा. मी टॉवेल उचलला आणि खांद्यावर टाकला. व्याही नाक पुसत होते.

दुपारी सगळे जेवायला बसलो. ताटात सकाळचेच बांगडे. मी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "ठरलं. लेक पाच महिने मंगळवार पेठेत ऱ्हाणार. उद्या निघायचं."

विहीणबाईंनी वाढायचा डाव परत भांड्यात ठेवला.

"कोणी ठरवला?" विहीणबाईंनी विचारलं.

"व्याह्यांनी. मी तीनच म्हटलं हुतं."

व्याही माझ्याकडं बघतच राहिले. "मी खय काय म्हटलंय?"

"मगाशी. टॉवेलाखाली. पंजा दाबलासा की न्हाय?"

"अरे देवा," व्याही म्हणाले. "माका वाटला, तुमका लेकीच्या नावान भरून इला."

मुलगी आधी हसली. पोट धरून हसली. ती लहानपणी माझ्याबरोबर बाजारात यायची, बोटांची भाषा तिला येते. मग तिचं हसू एकदम थांबलं.

"बाबा, सौदा माझा आणि बोटं तुमची दोघांची? मला कुणी विचारलं?"

"ह्यात विचारायचं काय? पहिलं बाळंतपण माहेरीच असतं."

"मी येणार न्हाय," ती म्हणाली. "डॉक्टरीण हितं तालुक्याला हाय, पहिल्या महिन्यापासून तीच बघतीय. तिनं प्रवास नको सांगितलाय. परत त्या घाटातनं मी जाणार न्हाय. आणि ह्या खोल्या हायत, सीझन हाय."

"मग हे आठ दिस आधी का न्हाय बोललीस?"

"कसं बोलणार? तुमी ऐकायच्या आधी वरडता. हे पॉइंट काय सासऱ्यांचे न्हाईत, माझे हायत. मीच त्यांना सांगितलं, बाबांना रोज एक काहीतरी दाखवा. तोवर मला धीर हुईल."

"मी वरडतो?" मी ओरडलो.

पर्यटकांच्या चारही खोल्यांच्या खिडक्या उघडल्या.

मग मी जे करायचं असतं ते केलं. ताटावरून उठलो, हात धुतला, दारात जाऊन चपला घातल्या आणि बाहेर पडलो. अंगण ओलांडलं. फाटकाशी थांबलो. एका पायाची चप्पल सारखी केली. माडाकडं बघितलं. दुसऱ्या पायाची सारखी केली.

कुणी आलं नाही.

त्यांच्याकडं ती पद्धतच नाही. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे जेवणं पुढं चालू होती. खोलीतले एक पर्यटक बाहेर आले आणि म्हणाले, "काका, वारा छान सुटलाय ना?" उन्हात असा किती वेळ उभा राहणार? मी चपला काढल्या आणि माझा मीच आत गेलो. कोल्हापुरात हे कुणाला सांगितलेलं नाही.

आत माझ्या माघारी सगळं उरकलं होतं. बायकोच्या ताटाशेजारी मुलगी बसली होती आणि बायको तिला काटे काढून मासा देत होती. बायकोचे डोळे लाल होते.

"मी ऱ्हाते हितं," ती म्हणाली. "बाळंतपण हुस्तवर. पोरीला घाटातनं नेऊन मला काय करायचंय? खोलीच्या रंगासाठी न्यायची व्हय?"

"आणि गोठा?"

"तुमी हाय की."

"धारा?"

"तुमास्नी येत्यात. लग्नाआधी तुमीच काढत हुता."

"आणि बाज? डिंक? एवढं सगळं केलंस ते?"

"पाठवून द्या."

मी व्याह्यांकडं बघितलं. ते म्हणाले, "तुमी म्हणशात तसा."

"मी अजून काय म्हटलंच न्हाय!"

म्हणायला काही उरलंही नव्हतं. मी पाटावर टेकलो. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पोरीला दूध कुठलं देता?"

विहीणबाई उठल्या. फ्रिज उघडला आणि दुधाची पिशवी आणून माझ्यापुढं धरली. प्लॅस्टिकची. कापलेल्या कोपऱ्याला कपड्याचा चिमटा लावलेली.

म्हशीच्या व्यापाऱ्याची लेक, पोटात पोर, आणि चिमटा लावलेलं दूध! आठ दिवसांचा माझा सगळा राग त्या पिशवीवर येऊन बसला. "उद्याच्या उद्या म्हैस पाठवतो," मी म्हणालो. "रेडकासकट."

आणि व्याही म्हणाले, "नको."

मला आधी खरं वाटेना. "काय म्हटलासा?"

"म्हैस नको. आमका जमाचा नाय. गोठो नाय. चारो खयसून हाडूचो? आणि ता हंबारता. पाहुणे झोपतले कशे?"

त्यांच्या तोंडून हा पहिला नकार. मी मांडी घालून नीट बसलो. बाह्या वर केल्या. म्हणालो, वैरण मी पाठवीन, आठवड्याच्या आठवड्याला. ते म्हणाले, जागा नाही. मी म्हणालो, माडाखाली आहे. ते म्हणाले, नारळ पडतो. मी म्हणालो, पत्रा घाला. पत्र्याचा आवाज येतो. मग झावळ्यांचं छप्पर करा. झावळ्या कोण विणणार? मी आवाज चढवला. त्यांनी चढवला. माझ्या बायकोनं आणि विहीणबाईंनी ताटं उचलली, मुलगी खुर्ची घेऊन बघत बसली. शेण कुणी काढायचं यावर बराच वेळ गेला. माणूस कसलेला निघाला. रेडकू रात्री घराच्या मागच्या बाजूला बांधायचं, ही अट त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही आणि शेण माझ्या बायकोच्या गळ्यात घातलं. मी म्हैस आणि वैरण दिली. शेवटी विहीणबाईंनी हातावर साखर ठेवली. या घरात सोयरीक झाली ती मी त्या दुपारी धरतो.

दोन दिवसांनी टेंपोत जाड पेंढा घालून म्हैस घाट उतरली. बाज आणि डबेही तिच्याबरोबरच गेले. मी पेठेतल्या घरात एकटा राहिलो, स्वतः चहा करून प्यायला शिकलो आणि रोज फोनवर म्हशीची चौकशी केली. मुलीची खुशाली बायको आपण होऊन सांगायची.

म्हशीचं वेगळंच झालं. दुपारी उन्हानं हैराण होऊन ती दावं सोडवून किनाऱ्यावर गेली आणि पाण्यात बसली. नुसती शिंगं आणि डोकं वर. कुणीतरी फोटो काढला आणि तो फिरला. दुसऱ्या दिवशी माणसं विचारत आली, समुद्रात बसणारी म्हैस कुठं? बायको म्हणाली, डॉल्फिनवाल्यापेक्षा आपल्या म्हशीला गर्दी जास्त आहे. डॉल्फिनवाला आता होडी म्हशीजवळूनच नेतो आणि लोकांना आधी ती दाखवतो, म्हणजे निदान एक जनावर पक्कं दिसतं. रस्त्याच्या वळणावर पाटी लागली आहे. ती कुणी लावली, कुणाला माहीत नाही. 'म्हैस पॉइंट' आणि पुढं बाण.

नात झाली तेव्हा मी गेलो. मायलेकी सुखरूप. पाटीच्या वळणावर चहाच्या टपरीवाल्यानं मला न ओळखता सांगितलं की ही म्हैस जुन्या काळच्या कोल्हापुरी सरदाराच्या पागेतल्या वाणाची आहे. तिचं खरं वाण मी त्याला उभ्या उभ्या ऐकवलं.

संध्याकाळी बायको किनाऱ्याच्या कडेला धार काढायला बसली होती. भोवती पर्यटकांचं कडं. आणि व्याही कप घेऊन उभे, येईल त्याला ताजं दूध, फुकट. मी म्हणालो, "पाव्हणं, निदान काहीतरी घ्या की लोकांकडनं." ते म्हणाले, "इतकी लांबसून इली आसत." माझ्या म्हशीचं दूध, माझी वैरण, आणि नाव कुणाचं? तर त्यांच्या समुद्राचं. या माणसाचं काय करायचं, मला अजून समजलेलं नाही.

मी पुढं सरकून म्हशीचं अंग बघायला लागलो. वाळली होती का, खारं पाणी मानवलं होतं का. कासेवर हात फिरवणार, एवढ्यात मागून एक तरुण ओरडला, "ओ काका, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."

मी वळलो. म्हैस कुणाची, हे त्याला सांगण्यासाठी तोंड उघडलं. माझ्या डाव्या खांद्यावर नात होती. दुपारभर रडून रडून तिचा आत्ताच डोळा लागला होता.

मी बाजूला झालो.